भेगेवरची काच

टक्‌.

तिनं भिंतीवर हलकेच हातोडी वाजवली आणि कान लावला. भरीव आवाज. छान. आणखी दोन हात पुढे सरकून तिनं पुन्हा वाजवलं.

टक्‌ टक्‌.

आणि पलीकडून भिंतीनं उत्तर दिलं... टक्‌ टक्‌.

ती दचकलीच. घर रिकामं आहे, मालक दिवसभर दुकानात असतात, तुम्ही निवांत बघा, असं म्हणून दलालानं तिच्या हातात किल्ली ठेवली होती. लोक घर घेण्याआधी तिला बोलावत. ती जाऊन घर वरपासून खालपर्यंत तपासे आणि घ्या की नको ते लिहून देई. आठ वर्षं हेच काम. पोकळ भिंती बघितल्या, ओल्या बघितल्या, फुगलेल्या बघितल्या. उलट बोलणारी भिंत मात्र पहिल्यांदाच भेटत होती.

तिनं तीनदा वाजवलं. तीनदा उत्तर आलं.

आता कुणी शहाणी बाई पर्स उचलून निघाली असती. पण कुतूहल हा तिचा जुना रोग. तिनं टक्‌... टकटक... टक्‌ अशी जरा वाकडी चाल वाजवली आणि श्वास धरून थांबली. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग टक्‌... टकटकटक... आणि कुणीतरी चुकल्यासारखं हसलं.

"कोण आहे तिकडे?" ती ओरडली.

"हे मी विचारायचं," पुरुषाचा आवाज आला. "घर माझं आहे!"

दारात तो उभा राहिला तेव्हा त्याच्या एका हातात विसरलेला डबा होता, दुसऱ्या हातात चमचा. नाकावर एक चष्मा, कपाळावर दुसरा.

"तुम्ही त्या हातोडीबाई ना?"

"मला हातोडीबाई म्हणतात?"

"दलाल म्हणतो. हातोडीबाई येऊन गेल्याशिवाय घेणारी नवराबायको घराला हो म्हणणार नाहीत, असं म्हणाला. मला वाटलं, कुणीतरी साठीच्या, जाडजूड..."

"आणि तुम्ही?"

"चौकातला चष्मेवाला. लोक तेवढंच म्हणतात." त्यानं चमचा डब्यावर ठेवला. "मी बघत थांबलो तर चालेल? माझं घर दुसऱ्याच्या नजरेतून कसं दिसतं ते कधी पाहिलं नाही."

खरं तर तिचा नियम होता, मालकानं मागे मागे फिरायचं नाही. हा नियम मामांचा. मामा म्हणजे आईचा थोरला भाऊ. चाळीस वर्षं बांधकामावर मुकादम होते. गुडघ्यांनी रजा घेतल्यावर त्यांनी सगळी विद्या भाचीच्या पदरात घातली. विकणाऱ्याच्या तोंडाकडे बघू नकोस, घराच्या कोपऱ्यांकडे बघ, असं ते म्हणत. डोळ्यांनी पाहिलं नाही ते कागदावर लिहू नकोस, हेही. तिचा प्रत्येक अहवाल मामा आजही आधी वाचत आणि मगच तो बाहेर जाई.

"थांबा," ती म्हणाली. का म्हणाली, कोण जाणे.

तिनं स्वयंपाकघरातला, न्हाणीघरातला, मागच्या ओसरीतला असे सगळे नळ एकदम सोडले.

"अहो, पूर आणताय का?"

"एकेकटा नळ कुठल्याही घरात बरा येतो. सगळे एकदम सोडले की मग घराचा खरा जोर कळतो."

"माणसांचंही तसंच असेल."

"माणसं मी तपासत नाही."

मग तिनं एक कपाट उघडलं, आत डोकं घातलं आणि डोळे मिटून वास घेतला. तो शेजारी येऊन तसाच वाकला.

"कसला वास येतोय?"

"कसलाच नाही, म्हणून तर आनंद. ओल भिंतीवर लपते, बंद कपाटात नाही लपत." ती मागे सरली, कारण दोघांची डोकी आपटता आपटता राहिली होती. "आणि एकच भिंत नव्यानं रंगवलेली दिसली की समजावं, तिथं काहीतरी झाकलंय. तुमच्याकडे सगळ्याच भिंती सारख्या मळक्या आहेत."

"फार उपकार झाले!"

"कौतुक केलं मी."

तो हसला. हसताना कपाळावरचा चष्मा घसरून नाकावरच्या चष्म्यावर बसला, आणि तिला एकदम चार काचांमागून दोन डोळे दिसले. तिनं घाईघाईनं जमिनीकडे पाहिलं. तिथं मात्र तिचं कुतूहल खरोखर जागं झालं.

या घराला एकही उंबरा नव्हता. सगळे काढून जमीन सपाट केली होती. आरसा तिच्या कमरेच्या उंचीवर टांगलेला. दिव्यांची बटणं खाली आणलेली. न्हाणीघरात भिंतीला धरायच्या दांड्या, आणि त्यांच्यावरचा रंग हातांच्या घामानं उडालेला. आतल्या खोलीचं दार तर चांगलं हातभर रुंद केलेलं.

"इथं चाकांची खुर्ची होती," ती हळूच म्हणाली.

त्यानं डब्यावरचा चमचा उगीच सरळ केला. "आई. सहा वर्षं बसून होती. उन्हाळ्यात गेली." मग त्यानं आरशाकडे पाहिलं. "मी अजून वाकूनच भांग पाडतो. आरसा वर घ्यायचं... सुचलंच नाही."

"आणि म्हणून घर विकताय?"

"लांबच्या गावी डोळ्यांचं मोठं इस्पितळ आहे. तिथं बोलावलंय. पुढच्या एक तारखेपर्यंत हजर व्हायचं. घर विकलं गेलं तर जाईन, असं कळवलंय. नाही गेलं तर दुकान आहेच. आईचं घर कुलूप लावून धूळ खात ठेवायला मन होत नाही." त्यानं खांदे उडवले. "थोडक्यात, माझं काय ते तुमच्या हातोडीवर."

हे तो हसत म्हणाला. तिच्या हातातली हातोडी मात्र उगीचच जड झाली.

आणि नेमकी तेव्हाच तिला भेग दिसली. रुंद केलेल्या दाराच्या कोपऱ्यातून निघून तिरकी वर गेलेली, केसाइतकी बारीक.

"दार रुंद केलंत तेव्हा वर नवीन लिंटल घातलं होतं ना? भिंतीचं ओझं पेलणारी आडवी तुळई?"

"गवंडी घातली म्हणाला होता."

"घातली म्हणणं आणि घालणं, यात कधीकधी अख्खी भिंत खाली येते." तिनं भेगेवरून बोट फिरवलं. "ही भेग जुनी असेल, एकदा पडून थांबलेली, तर काही भीती नाही. पण अजून सरकत असेल तर या घरात तान्हं मूल झोपवायला मी कुणाला सांगणार नाही. घेणाऱ्या बाईला सातवा लागलाय."

"मग कळणार कसं?"

"काच लावायची. भेगेच्या दोन्ही बाजूंना चिकटवायची. काच ताणली जात नाही. भिंत केसभर जरी हलली तरी ती तडकते." पिशवीत हात घालून तिनं काचेची पट्टी काढली आणि जीभ चावली. पट्टीचे पिशवीतच दोन तुकडे झाले होते.

"काच?" चष्मेवाल्याचा चेहरा उजळला. "बाई, या गावात काचेसाठी कुणी अडलं, तर माझ्या दुकानाला टाळं लावावं लागेल!"

तो चौकात धावत गेला आणि बोटभर लांबीची, नखासारखी पातळ पट्टी कापून घेऊन आला. काठ घासून गुळगुळीत केलेले. तुमचा हात कापू नये म्हणून, असं म्हणाला आणि लगेच दुसरीकडे बघू लागला.

दोघांनी मिळून ती भेगेवर बसवली. ती चिकटवत होती, तो पट्टी धरून उभा. बाजूला तिनं तारीख लिहिली. भेगेच्या अलीकडे-पलीकडे पेन्सिलीचे दोन ठिपके काढले आणि त्यांच्यातलं अंतर कॅलिपरनं, मापाच्या चिमट्यानं, मोजून वहीत टिपलं.

"चार शनिवार," ती म्हणाली. "दर शनिवारी येऊन बघेन. घेणारे थांबायला तयार होतील. काच शाबूत राहिली तर घर विकायला मोकळे."

"आणि तडकली तर?"

"तर व्यवहार मोडला."

पहिल्या शनिवारी काच शाबूत होती. बघायला अर्धं मिनिट लागलं. निघताना तो म्हणाला, "तुम्ही डोळे मिचकावून बघता. कधी तपासलेत?" आणि तिला समोर बसवून त्यानं भिंतीवर अक्षरांचा तक्ता लावला.

"शेवटची ओळ वाचा."

तिनं वाचली.

"आता त्याखालची."

"त्याखाली ओळच नाही."

"नाहीच. पण बरेच जण वाचून दाखवतात." तो गंभीरपणे म्हणाला. "नसलेलं न वाचणारं माणूस फार दिवसांनी भेटलं."

दुसऱ्या शनिवारी ती आली तेव्हा उन्हातच पाऊस लागला होता. तिला बरंच वाटलं, पावसात घराचं खरंखोटं कळतं. दोघं खोल्याखोल्यांतून वर बघत फिरले. कुठे थेंब नाही. मग ओसरीवर चहा झाला. पन्हाळीतून पाण्याची धार पडत होती आणि त्यानं विचारलं, "इतकी घरं बघता, तुम्हाला कधी एखादं आवडत नाही?"

"आवडतं ना. मग मी त्याला जास्तच कडक तपासते."

"का?"

"आवडलं की डोळा आंधळा होतो. तुमच्या धंद्यात नाही का असं?"

तो काहीतरी बोलणार होता... पण चहात पावसाचा थेंब पडला, आणि तो कप सरकवण्यातच गुंतला.

तिसऱ्या शनिवारी ती निघताना मामांनी चष्म्यावरून भाचीकडे पाहिलं. "काय गं, पूर्वी काच बघायला जाऊन यायला अर्धा तास लागायचा. आता सकाळची गेलेली तू दुपारी उगवतेस. काच मोठी झाली का?"

"मामा, काहीतरीच काय!"

"मी काय म्हटलं? काच मोठी झाली का, एवढंच विचारलं."

त्या शनिवारी भेगेसमोर उभं असताना तिला स्वतःचाच धक्का बसला. पट्टी शाबूत होती, आणि ते बघून तिचं मन खट्टू झालं होतं! तडक ना गं बाई, असं आतलं कुणीतरी म्हणत होतं. एक बारीकशी चीर. मग व्यवहार मोडेल, आणि हा कुठे जाणार नाही. ती तिथंच हात जोडून क्षणभर उभी राहिली. देवाकडे तिनं एवढंच मागितलं, की काच राहो किंवा जावो, माझी नजर सरळ ठेव.

त्या दिवशी ती चहा न घेताच गेली. तो दारापर्यंत आला, "बाई, मला जरा..." म्हणाला, आणि दाराची कडी उगीच वरखाली करत राहिला.

चौथा शनिवार उजाडला. अकरा वाजता घेणारे येणार होते. सकाळीच त्या बाईचा फोन येऊन गेला होता. "ताई, भिंत काय म्हणतेय हो? मी पाळण्याची जागासुद्धा ठरवून ठेवलीय. खिडकीपाशी."

ती साडेदहाला पोचली. चष्मेवाला दारातच उभा होता. चेहरा असा, की आरसा फोडलेलं लेकरू बरं.

"तडकली," तो म्हणाला.

तिला आनंदच झाला, नाकारण्यात अर्थ नव्हता. ती जवळजवळ पळतच आत गेली. खरंच, काचेचे तुकडे झाले होते. वही उघडून तिनं अहवाल लिहायला घेतला. 'चौथ्या आठवड्यात काच तुटलेली आढळली.'

पेन थांबलं.

वाक्यात एकही शब्द खोटा नव्हता. एवढंच लिहून खाली सही केली तर जग तिला खोटारडी म्हणणार नव्हतं. पाळणा दुसऱ्या कुठल्या खिडकीपाशी बसला असता, आणि शनिवार मागून शनिवार...

तिनं पेन ठेवलं आणि कॅलिपर काढला. एका ठिपक्यापासून दुसऱ्या ठिपक्यापर्यंतचं अंतर मोजलं. पुन्हा मोजलं. पहिल्या दिवशी होतं तेवढंच. भिंत हललीच नव्हती. मग तिनं भिंग काढून काचेकडे पाहिलं. भिंत सरकली की काच भेगेच्या रेषेत, दोरा ओढल्यासारखी तडकते आणि दोन्ही तुकडे जागच्या जागी राहतात. ही मधोमध ठेचली गेली होती. ठेचलेल्या जागेभोवती चांदणीसारख्या चिरा, आणि एक कोपरा तर गायबच.

ती वळली. तो भिंतीला टेकून आपल्या बोटांकडे बघत होता. एका बोटाला चिंधी बांधलेली.

"कशानं फोडलीत?"

"काय?... नाही, ती आपोआप... पहाटे आवाज झाला..."

"कशानं?"

त्यानं मान खाली घातली. "चमच्यानं." थोडं थांबून तो पुटपुटला, "चांगली काच दिली होती मी. तीन घाव लागले."

तिला हसू फुटलं आणि त्याच वेळी डोळे भरून आले. असं एकाच वेळी दोन्ही झालं की माणसाला राग धरून आधार घ्यावा लागतो.

"लाज नाही वाटत? महिनाभर थांबलीत ती माणसं. आणि मी? माझ्या सहीखाली तुम्ही..."

"वाटते. रात्रभर वाटली. सकाळी चिकटवायलाही बघितली. नाही चिकटली."

"पण का?"

तेवढ्यात दारात चपला वाजल्या. अकरा वाजायला वेळ होता, पण पाळण्याची जागा ठरवून बसलेली माणसं उशिरा येतात थोडीच! पुढे ती पोट सांभाळत येणारी बाई, मागे तिचा नवरा, काखेत कागदांची पिशवी.

"ताई, सांगा लवकर," बाई म्हणाली. मग तिची नजर भिंतीवर गेली आणि चेहरा पडला. "अगं बाई... फुटली?"

हातोडीबाईनं एक श्वास घेतला. हा श्वास सोडला की तो जाणार होता. लांबच्या गावी, एक तारखेला.

"काच फुटलीय," ती म्हणाली, "पण भिंत हललेली नाही. मी दोनदा मोजलंय. भेग जुनी आहे, थांबलेली आहे. घर चांगलं आहे. निर्धास्त घ्या."

"मग काच कशानं फुटली?" नवऱ्यानं विचारलं. प्रश्न रास्तच होता.

तिनं चष्मेवाल्याकडे पाहिलं. "याचं उत्तर मालक देतील. मी फक्त भिंतीचं सांगते."

तिघंही त्याच्याकडे बघू लागले. त्यानं नाकावरचा चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"मी फोडली," तो म्हणाला.

"अहो, पण का?" बाई जवळजवळ ओरडलीच.

"घर विकलं गेलं तर मला जावं लागणार होतं. आधी जायचंच होतं. आई गेल्यापासून या घरात माझ्याशी बोलायला कुणी नव्हतं. मग... या बाई आल्या. भिंत वाजवत. त्यानंतर मी आठवडाभर फक्त शनिवार मोजायचो. तोंडानं सांगायचं धाडस झालं नाही. म्हणून म्हटलं, भिंतच पडायला आलीय असं दाखवावं." तो थांबला. "तुम्ही दोघांनी मला माफ करा. घर तुमचंच आहे."

बाईनं पदर तोंडाला लावला. तो राग नव्हता, हसू होतं. "अगं बाई गं!" ती हळूच म्हणाली.

नवरा मात्र कागदांची पिशवी घट्ट धरून उभा होता. "म्हणजे... घराचं नक्की आहे ना?"

"अहो, चला तुम्ही!" तिनं त्याचा हात धरला. "खिडकी दाखवते तुम्हाला. चला म्हणते ना!"

ती दोघं आत गेली. हातोडीबाई वही मिटून उभी राहिली.

"भिंतीच्या आड उभं राहून काय बोलायचं असतं?" ती म्हणाली. आवाज ठेवणीतला कडक होता, पण पुरता लागत नव्हता. "राहायचं असेल तर स्वतःच्या तोंडानं राहतो म्हणावं माणसानं."

"घर तर गेलं."

"घरं पुष्कळ असतात. मला विचारा."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. या वेळी दुसरीकडे बघायची घाई दोघांनीही केली नाही.

"राहतो," तो म्हणाला. "येत नाही म्हणून इस्पितळाला आजच कळवतो. एखादी खोली भाड्यानं घेईन, दुकानाच्या वर. तुम्ही... तुम्ही नाही म्हणालात तरी राहीन. पण नाही म्हणू नका."

तिनं हातोडी पिशवीत टाकली. पिशवीचा बंद दोनदा बांधला, दोनदा सोडला. "मागच्या शनिवारी," ती जमिनीकडे बघत म्हणाली, "ती काच तडकावी असं मलाही वाटलं होतं. मी काही तिला हात लावला नाही. पण वाटलं होतं."

इतकं बोलून ती निघाली. ओसरीच्या पायरीवर ती अडखळली, आणि मागून त्याचं हसणं ऐकू आलं, बिचकत सुरू झालेलं, मग मोकळं.

संध्याकाळी मामांनी नेहमीप्रमाणे अहवाल हातात घेतला. नळ, छत, कपाटं, भिंती. एकेक ओळीवर बोट ठेवून वाचत गेले, मान डोलवत गेले. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं.

"'काच फुटली. कारण भिंतीशी संबंधित नाही,'" त्यांनी मोठ्यानं वाचलं आणि चष्म्यावरून वर पाहिलं. "हे काय गं? अर्धवट अहवाल मी तुला कधी शिकवला? भिंतीशी नाही, तर मग कशाशी संबंधित आहे?"

ती निरांजनातली वात सारखी करत होती. हात जरा थांबला.

"माझ्याशी, मामा," ती म्हणाली.